कूले : स्वरलेखनातील आणि स्थलनामांतील एक फ्रेंच शब्द

फ्रेंच संगीताचा कोश उघडला तर ‘कूले’ ही एका अलंकाराची संज्ञा म्हणून आढळते. उत्तर अमेरिकेचा नकाशा उघडला तर तोच शब्द, इंग्रजी वळणाने ‘कूली’ असा उच्चारलेला, दऱ्यांच्या आणि ओढ्यांच्या नावांत जागोजाग भेटतो. पहिल्या ठिकाणी त्याचा संबंध तंतुवाद्यावरील दोन स्वरांच्या मधल्या क्षणाशी आहे; दुसऱ्या ठिकाणी तो दोनशे-तीनशे मीटर उंचीच्या पाषाणभिंतींमधील कोरड्या घळीलाही लावला जातो. एकाच शब्दाचे असे दोन दूरचे उपयोग दिसले की त्यांतील एक मूळ आणि दुसरा त्याचे रूपक, असे समजण्याचा मोह होतो. भूमीवरून वाहणाऱ्या पाण्यावरून स्वरांच्या ओघाला नाव मिळाले असावे, हे अनुमान सहज सुचते आणि काव्यमयही वाटते. परंतु शब्दाची रूपे आणि त्याचा इतिहास तपासला असता ते टिकत नाही. हे दोन्ही उपयोग परस्परांपासून निघालेले नसून एकाच धातूपासून, त्याच्या अर्थाच्या दोन निरनिराळ्या अंगांवरून, स्वतंत्रपणे निघालेले आहेत. हे दाखविणे, आणि मराठी परिभाषेच्या दृष्टीने त्यातून काय निष्पन्न होते हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धातू आणि त्याचा मूळ अर्थ

आजच्या फ्रेंचमध्ये या शब्दाचे क्रियापद ‘वाहणे, ओघळणे, ओतणे’ अशा अर्थांनी वापरले जाते. द्रव पदार्थ वाहतो, धातूचा रस साच्यात ओतला जातो, जहाज बुडते, या सर्व क्रियांना तेच क्रियापद लागते. त्याचे मूळ लॅटिन ‘कोलारे’ या क्रियापदात आहे, आणि त्याचा अर्थ मात्र ‘गाळणे’ असा होता. ‘कोलुम’ म्हणजे गाळणी. म्हणजे आरंभी क्रिया सकर्मक होती आणि तिच्या केंद्रस्थानी गाळणारा मनुष्य व त्याचे साधन होते. पुढे लक्ष गाळण्याच्या हेतूवरून, गाळताना जे घडते त्यावर, म्हणजे द्रवाच्या खाली उतरण्यावर गेले आणि क्रियापदाला ‘वाहणे’ हा अकर्मक अर्थ मिळाला.

मराठी वाचकाला हे स्थित्यंतर अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ‘गाळणे’ आणि ‘गळणे’ ही जोडी मराठीत एकाच धातूच्या प्रयोजक आणि अप्रयोजक रूपांनी नांदते. ‘गाळणी’, ‘गाळ’ आणि ‘गळती’ हे शब्द त्याच कुटुंबातले आहेत. मराठीने जे दोन अर्थ स्वराच्या ऱ्हस्वदीर्घतेने वेगळे ठेवले, ते फ्रेंचमध्ये एकाच रूपात एकामागून एक आले, एवढाच भेद.

जुना अर्थ फ्रेंचमधून पूर्णपणे लोपला आहे असेही नाही. पाकशास्त्रात ‘कूली’ म्हणजे गाळून केलेला पातळ रस. हा शब्द स्थलनामांतील ‘कूली’हून वेगळा असला तरी धातू तोच आहे. ‘कूलीस’ म्हणजे ज्या खोबणीतून एखादी वस्तू सरकते ती खोबण. नाट्यगृहात रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना सरकविण्याचे पडदे जेथे असत त्या जागेलाही हेच नाव मिळाले. नळी पुढेमागे सरकवून स्वर बदलणाऱ्या ट्रॉम्बोनला फ्रेंचमध्ये ‘कूलीसचा ट्रॉम्बोन’ म्हणतात. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. या धातूच्या अर्थक्षेत्रात केवळ पाणी नाही. अडथळ्यावाचून सरकणे, मध्ये खंड न पडता पुढे जाणे, ही गतीची रीतही त्यात अंतर्भूत आहे. संगीतातील उपयोग समजण्यासाठी हाच धागा महत्त्वाचा ठरतो.

रूपभेद : पुंल्लिंगी आणि स्त्रीलिंगी

अर्थाकडे वळण्यापूर्वी रूपाचा विचार करणे अगत्याचे आहे. फ्रेंच उच्चारात क्रियापदाचे मूळ रूप, त्याचे भूतकालवाचक धातुसाधित आणि त्या धातुसाधिताचे स्त्रीलिंगी रूप, ही तिन्ही ‘कूले’ अशीच ऐकू येतात. लेखनात मात्र तिघांचे शेवट निराळे आहेत, आणि वाक्यात उपपदामुळे लिंग स्पष्ट होते. देवनागरीत लिहिताना हा भेद नाहीसा होतो. म्हणून मराठीत या शब्दाची चर्चा करताना लिंगाचा निर्देश आवर्जून करावा लागतो.

संगीतातील संज्ञा पुंल्लिंगी आहे. भूरूपाची संज्ञा स्त्रीलिंगी आहे. हा भेद योगायोगाचा नाही. फ्रेंच संगीतात स्वर कसा काढावा हे सांगणाऱ्या संज्ञांत पुंल्लिंगी धातुसाधितांचा एक वर्गच आहे. ‘पँसे’ म्हणजे चिमटलेला, ‘देताशे’ म्हणजे सुटा केलेला, ‘लिये’ म्हणजे बांधलेला, आणि त्याच पंक्तीत ‘कूले’ म्हणजे ओघळवलेला. या शब्दांनी वस्तू सांगितली जात नाही, क्रियेची रीत सांगितली जाते.

स्त्रीलिंगी धातुसाधितांपासून झालेल्या नामांचा कल निराळा आहे. चढण्याच्या क्रियापदापासून ‘मोंते’ म्हणजे चढण, कापण्याच्या क्रियापदापासून ‘त्रांशे’ म्हणजे खंदक, फेकण्याच्या क्रियापदापासून ‘जते’ म्हणजे पाण्यात पुढे टाकलेला धक्का. क्रिया घडली आणि तिच्यामुळे भूमीवर जे उरले, किंवा ती घडते तो भूभाग, असा अर्थ या नामांतून व्यक्त होतो. स्त्रीलिंगी ‘कूले’ या वर्गातली आहे. संगीतातही या वर्गातला एक महत्त्वाचा शब्द आहे : ज्या पाच रेघांवर स्वर लिहिले जातात तिला फ्रेंचमध्ये ‘पोर्ते’ म्हणतात आणि ते ‘वाहून नेणे, धारण करणे’ या क्रियापदाचे स्त्रीलिंगी धातुसाधित आहे. तीही रीत नव्हे, वस्तूच आहे.

येथे एका संभाव्य चुकीकडे लक्ष वेधले पाहिजे. फ्रान्स्वा कूपरँ याने १७१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वादनरचनांच्या पहिल्या ग्रंथात अलंकारांचे स्पष्टीकरण जोडले आहे. त्यात ‘तिएर्स कूले’ या नावाचा अलंकार चढता आणि उतरता अशा दोन प्रकारांनी दिला आहे. येथे ‘कूले’ स्त्रीलिंगी लिहिले आहे, आणि ते पाहून भूरूपाची संज्ञा संगीतात शिरली असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ‘तिएर्स’, म्हणजे तिसऱ्या स्वराचे अंतर, हे नाम स्त्रीलिंगी असल्यामुळे विशेषण त्याच्याशी जुळते घेतले गेले आहे. हा केवळ लिंगान्वय आहे. येथे नाम नाही, विशेषणच आहे.

स्वरलेखनातील ‘कूले’

या संज्ञेचा छापील इतिहास सतराव्या शतकापासून सांगता येतो. शांबोन्येर याने १६७० मध्ये आपल्या हार्पसिकॉर्डसाठीच्या रचना छापल्या, तेव्हा आरंभी अलंकारांची छोटी सूची दिली. तीत ‘कूले’ आहे. १६८९ मध्ये दांग्लबेर याने यापेक्षा बरीच विस्तृत सूची दिली. ती इतकी मान्यता पावली की योहान सेबास्टियन बाख याने तिची स्वतःसाठी नक्कल करून घेतली होती. या ग्रंथांतील ‘कूले’चा मुख्य अर्थ असा : लेखनात तिसऱ्या अंतराचे दोन स्वर, उदाहरणार्थ षड्ज आणि गांधार, दिलेले असता वादकाने मधला ऋषभ हलकेच घ्यावा आणि अंतर भरून काढावे. म्हणजे मूळ लेखनात नसलेला एक स्वर या चिन्हामुळे वादनात येतो.

गायनात आणि सुषिर वाद्यांत याच कुळातील क्रियेला थोडे वेगळे रूप मिळाले. मोंतेक्लेर याने १७३६ च्या आपल्या संगीततत्त्वांवरील ग्रंथात या अलंकाराचे वर्णन करताना गाण्याला मार्दव आणणे व स्वर एकमेकांत बांधणे हा त्याचा गुण सांगितला आहे. विशेषतः उतरत्या तिसऱ्या अंतरात, वरून येणाऱ्या मधल्या स्वराने पुढील स्वर गाठणे, हे त्याचे सामान्य स्थान होते. हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकाला हे वर्णन वाचताना ‘कण’ या संज्ञेची आठवण झाली तर ती अगदीच अस्थानी नाही.

यानंतर अर्थ बदलतो. झाँ-झाक रूसो याच्या १७६८ च्या संगीतकोशात ‘कूले’ या शब्दाखाली जे सांगितले आहे, त्यात मधला स्वर घालण्याचा प्रश्नच नाही. प्रत्येक स्वराला कंठाचा किंवा गजाचा वेगळा आघात न देता दोन किंवा अधिक स्वर एकाच उच्चारात घेणे, ही त्याने दिलेली व्याख्या आहे. ज्या स्वरांना ती लागू करावयाची त्यांच्यावर एक रेघ ओढून ती लेखनात दाखवितात, असेही तो नोंदवितो. हार्पसिकॉर्डसारख्या, प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे छेडणाऱ्या वाद्यावर हे जवळजवळ अशक्य वाटते. तथापि मृदू आणि सलग स्पर्शाने त्याचा प्रत्यय देता येतो, असे त्याचे मत आहे.

एकाच संज्ञेच्या या दोन अर्थांत व्यवहाराच्या दृष्टीने मोठा फरक आहे. पहिल्या अर्थाने घेतले तर वादकाने एक स्वर वाढवावयाचा. दुसऱ्या अर्थाने घेतले तर लिहिलेलेच स्वर, एकही न वाढविता, जोडून घ्यावयाचे. १६८९ ची रचना १७६८ च्या कोशाच्या आधारे वाजविली तर रचनाकाराला अभिप्रेत असलेला स्वरच गळून जाईल. उलट केले तर नको असलेला स्वर कानी पडेल. कोशकाराने संज्ञेपुढे काल न नोंदविल्यास चूक केवळ कागदावर राहत नाही. ती मैफलीत ऐकू येते.

दोन्ही अर्थांत समान काय आहे, हेही पाहिले पाहिजे. एकात रिकामे अंतर भरले जाते, दुसऱ्यात दोन आघातांमधली फट मिटविली जाते. दोहोंचा गाभा ‘खंड पडू न देणे’ हाच आहे. धातूच्या अर्थातून संगीताने उचलले ते पाणी नव्हे, सातत्य.

स्थलनामांतील ‘कूले’

भूरूपाची संज्ञा म्हणून स्त्रीलिंगी ‘कूले’ खुद्द फ्रान्समध्येही दिसते. लुआर नदीच्या काठी, आंजे शहराजवळच्या साव्हेन्येर परिसरात ‘कूले द सेरां’ नावाचा द्राक्षमळा प्रसिद्ध आहे. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा ओघ, डोंगरावरून घसरलेल्या चिखलाचा लोट, यांनाही फ्रेंचमध्ये ‘कूले’च म्हणतात. पॅरिसमध्ये जुन्या लोहमार्गावर केलेल्या लांबट उद्यानाला ‘हिरवी कूले’ असे नाव आहे. तेथे वाहते ते पाणी नव्हे, झाडांची रांग.

परंतु या शब्दाचा खरा विस्तार अटलांटिकपलीकडे झाला. कॅनडातील फ्रेंच भाषिक आणि केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी नद्यांवरून दूरवर जाणारे नावाडी यांनी आपल्याबरोबर भूरूपांची एक शब्दावली नेली. ‘ब्यूत’, ‘प्रेरी’, ‘पोर्ताज’, ‘सो’ यांच्याबरोबर ‘कूले’ही गेली आणि इंग्रजी भाषिकांनी ती ‘कूली’ म्हणून उचलली. मात्र प्रत्येक प्रदेशात तिने तेथील भूमीचा आकार घेतला. लुइझियानात कूली म्हणजे लहान ओढा किंवा पाणी काढून देणारा चर. विस्कॉन्सिन राज्यात ला क्रॉस शहराच्या आसपासचा मुलूख ‘कूली प्रदेश’ म्हणून ओळखला जातो. तेथे कूली म्हणजे हिमनद्यांनी न झाकलेल्या टेकड्यांमधील, बहुधा तळाशी झरा असलेली अरुंद दरी. आल्बर्टात लेथब्रिजच्या परिसरात ती गवताळ पठारात कोरली गेलेली, वर्षाचा बराच काळ कोरडी असणारी घळ आहे. म्हणजे नाव एक, आणि त्याखाली वाहत्या पाण्यापासून पाण्याच्या अभावापर्यंतच्या सर्व पायऱ्या.

ही नावे निर्मनुष्य भूमीवर पडली नव्हती, हेही विसरता येत नाही. आल्बर्टाच्या दक्षिणेस ‘एट्झिकोम कूली’ नावाची दरी आहे. त्यातील पहिला शब्द ब्लॅकफूट भाषेतला असून त्याचाही अर्थ दरी असाच सांगितला जातो. येथे दोन भाषांचे दोन सामान्यनामे एकापुढे एक बसून एक विशेषनाम तयार झाले आहे. नंतर येणाऱ्याला आधीच्या शब्दाचा अर्थ कळला नाही, म्हणून त्याने आपला शब्द त्याला जोडला. अशी द्विरुक्त नावे स्थलनामांच्या अभ्यासात फार बोलकी असतात. कोणती भाषा आधी होती आणि तिच्याशी संवाद कोठे तुटला, हे ती सांगतात.

ग्रॅन्ड कूली

या सर्व नावांत ‘ग्रॅन्ड कूली’ हे सर्वांत विख्यात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ही घळ सुमारे ८० किलोमीटर लांब आहे. तिच्या मध्यावर ‘ड्राय फॉल्स’, म्हणजे कोरडा धबधबा, या नावाचा सुमारे १२० मीटर उंच आणि साडेपाच किलोमीटर रुंद कडा आहे. येथे पाणी वाहत नव्हते, तरी नावात ‘वाहणे’ होते. या विसंगतीचे भूशास्त्रीय उत्तर बराच काळ वादग्रस्त राहिले. जे हार्लन ब्रेट्झ यांनी १९२३ पासून असे प्रतिपादन केले की हा सारा प्रदेश एका प्रचंड पुराने कोरला गेला असला पाहिजे. समकालीन भूशास्त्रज्ञांनी या मताला दीर्घकाळ विरोध केला. हिमयुगाच्या अखेरीस मिसूला नावाच्या हिमसरोवराचा बर्फाचा बांध वारंवार फुटून असे पूर आले, हे पुढे मान्य झाले आणि १९७९ मध्ये ब्रेट्झ यांना पेनरोज पदक देण्यात आले. नाव देणाऱ्या नावाड्यांना या पुराची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांनी केवळ ओघळाचा आकार पाहिला आणि ओळखीचा शब्द लावला. तरीही शब्दाच्या धात्वर्थाने भूमीचा इतिहास अचूक सांगितला, हे अपघाताने का होईना, खरे ठरले.

त्याच भूमीत या शब्दाचा दुसरा फ्रेंच अर्थही लपलेला आहे. या घळीच्या भिंती लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांच्या आहेत. दख्खनचे पठार ज्या प्रकारच्या बसाल्टी लाव्ह्याने बनले, त्याच प्रकारचे, परंतु वयाने पुष्कळच लहान असे हे पठार आहे. लाव्ह्याच्या प्रत्येक थराला फ्रेंच भूशास्त्रज्ञ ‘कूले’ म्हणतो. म्हणजे ही घळ ‘कूलें’मध्येच कोरलेली ‘कूले’ आहे : पहिली अग्नीने रचलेली, दुसरी पाण्याने खोदलेली.

१९३३ मध्ये बांधकामास आरंभ होऊन १९४२ मध्ये पूर्ण झालेल्या विख्यात धरणाने हे नाव जगभर नेले. धरण मात्र त्या घळीत नाही. ते तिच्या मुखाजवळ कोलंबिया नदीवर आहे. त्याला माशांसाठी मार्ग ठेवलेला नसल्याने वरच्या खोऱ्यात सामन मासा येणे थांबले, आणि केटल फॉल्स हे मूळ रहिवाशांचे जुने मासेमारीचे स्थान जलाशयाखाली गेले. १९५१ पासून नदीचे पाणी उपसून घळीच्या वरच्या भागात सोडले जाऊ लागले. तेथे आज बँक्स जलाशय आहे. जे नाव तोवर केवळ खुणेला शोभत होते, त्याला यंत्राने पुन्हा पाणी दिले.

दोन अर्थांची मांडणी

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परतता येईल. संगीतातील पुंल्लिंगी ‘कूले’ क्रियेची रीत सांगते. भूमीवरील स्त्रीलिंगी ‘कूले’ क्रियेचा मार्ग, तिने वाहून आणलेला पदार्थ किंवा तिची उरलेली खूण सांगते. पहिलीत क्रिया चालू असलीच पाहिजे. वादन थांबले की ती नाही. दुसरीत क्रिया थांबली तरी नाव टिकते, किंबहुना थांबल्यावरच ती घळ म्हणून डोळ्यांना स्पष्ट दिसते. एकीवरून दुसरी निघाली असती तर लिंग, वर्ग आणि अर्थाची दिशा, या तिन्ही ठिकाणी काही संक्रमणाची खूण सापडली असती. तशी ती सापडत नाही.

मराठीतील ‘ओघळ’ हा शब्द या दृष्टीने चांगला साक्षीदार आहे. ‘ओघळणे’ या क्रियापदाशी त्याचे नाते उघड आहे. गालावरून उतरणारा अश्रूंचा ओघळ वाहत असतो. पावसाळ्यानंतर टेकडीच्या उतारावर दिसणारा ओघळ कोरडा असतो. कोरड्या ओघळाला ओघळ म्हणताना कोणाही मराठी भाषिकाला विसंगती जाणवत नाही, कारण क्रियेवरून खुणेकडे जाणे ही भाषेची सरावाची वाट आहे. इंग्रजी भाषिकाची स्थिती निराळी आहे. त्याने शब्द घेतला, क्रियापद घेतले नाही. त्यामुळे ‘कूली’ त्याच्या दृष्टीने अपारदर्शक आहे आणि पाणी असो वा नसो, तो तिचा केवळ आकाराशी संबंध जोडतो. शब्द धातूपासून तुटला की तो अधिक स्वतंत्र होतो. प्रदेशागणिक त्याचे अर्थ का बदलले, याचे एक कारण येथे आहे.

परिभाषेच्या दृष्टीने

मराठी कोशकाराला यातून काही व्यावहारिक निष्कर्ष काढता येतात. एक, या दोन संज्ञांची नोंद एका शीर्षशब्दाखाली करू नये. धातू समान असल्याचा निर्देश व्युत्पत्तीत पुरेसा आहे. दोन, संगीतातील ‘कूले’साठी ‘मींड’ हा पर्याय स्वीकारू नये. मींडीत एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाताना मधल्या श्रुती अखंडपणे ऐकू येतात; ‘कूले’त, तिच्या दोन्ही अर्थांनी, स्वर पायरीपायरीने वेगळेच राहतात, फक्त त्यांच्यामधला आघात किंवा पोकळी जाते. पेटीवर मींड निघत नाही, हे सर्वश्रुत आहे. तसेच हार्पसिकॉर्डवरही ती निघत नाही, आणि तरी ‘कूले’ हा मुख्यतः हार्पसिकॉर्डच्या वाङ्मयातील अलंकार आहे. एवढ्यावरूनच हे समीकरण चुकीचे ठरते.

तीन, स्थलनामांतील शब्दाचे भाषांतर सामान्यनाम असताना ‘ओघळ’, ‘घळ’ किंवा ‘ओहोळ’ असे संदर्भानुसार करावे; विशेषनामात मात्र मूळ ध्वनी राखावा. तेथेही एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘ग्रॅन्ड कुली’ असे ऱ्हस्व उकाराने लिहिले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम ओझे वाहणारा मजूर उभा राहतो. त्या शब्दाशी या फ्रेंच शब्दाचा काहीही संबंध नाही. दीर्घ ऊकाराने लिहिल्यास निदान डोळ्याला तरी भेद दिसतो.

व्युत्पत्ती शब्दाचा उगम सांगते, त्याचा आजचा अर्थ ठरवीत नाही, हे तत्त्व भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रथम वर्षातच शिकविले जाते. ‘कूले’च्या उदाहरणाने त्याला एक जोड द्यावी लागते. उगम एक असला तरी त्यापासून निघालेला प्रत्येक प्रवाह आपल्या उताराने जातो. म्हणून उगम सापडल्यावर अभ्यास संपत नाही, तेथून पुढे प्रत्येक उतार स्वतंत्रपणे तपासावा लागतो.